‘त्रिमूर्ती’, ‘अवतार’ आणि ख्रिस्ती विश्वासांगीकार

मा. संपादक,
स. न.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) निमित्ताने आपल्या पुरवणीत ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणारा पानभर लेख प्रसिद्ध झाला, त्याबद्दल प्रथम आभार. एरवी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केक, चांदणी आणि सांताक्लॉज यांच्यापलीकडे आमच्या धर्माविषयी मराठी वृत्तपत्रांत फारसे काही वाचायला मिळत नाही. त्या मानाने येशूविषयी ख्रिस्ती लोक नेमके काय मानतात, या प्रश्नाला लेखकाने हात घातला हेच मोठे. लेखात कुठे उपहास नाही, उलट आपुलकीच आहे. तरीही हे पत्र लिहावे लागत आहे, कारण त्या आपुलकीच्या भरात लेखकाने आमच्या श्रद्धेचे तीन मुख्य विषय वाचकांच्या ओळखीच्या शब्दांत बसवून टाकले आहेत. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही म्हणे ‘ख्रिस्ती त्रिमूर्ती’, येशू हा ‘देवाचा अवतार’, आणि ‘सत्कर्मे करणाऱ्यास स्वर्ग’ हे या धर्माचे सार. तिन्ही विधाने वाचायला सोपी आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांवर ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, पहिली साडेचारशे वर्षे वाद घातले, परिषदा भरवल्या, माणसे हद्दपार केली आणि शेवटी एकेक शब्द तोलून उत्तरे लिहून ठेवली; तिसऱ्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडची मंडळी दुभंगली. एवढ्या किमतीने मिळालेली उत्तरे एका ओळीत उलटी छापली गेली, तर गप्प बसणे बरे नव्हे.

मी धर्मपंडित नाही. पेशाने शाळामास्तर होतो, आणि नगरच्या एका मराठी मंडळीत जवळजवळ तीस वर्षे दृढीकरणाचा वर्ग घेत आलो, म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठेपणी आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्यापूर्वी जी शिकवणी असते, ती. या वर्गाचे पाठ्यपुस्तक फार मोठे नाही. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो याची मंडळीने शब्दबद्ध केलेली कबुली, एवढ्यावर सगळे येते. प्रभुभोजनाच्या उपासनेत उभे राहून आम्ही जो मोठा विश्वासांगीकार म्हणतो, त्याचा पाया इ. स. ३२५ मध्ये नायसिया या गावी घातला गेला. आजच्या तुर्कस्तानातले इझनिक ते हेच. सम्राट कॉन्स्टंटाइनने तेथे बिशपांची परिषद बोलावली होती; परंपरा त्यांची संख्या ३१८ सांगते. पुढे ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत त्याला आजचे रूप मिळाले. गेल्या सतराशे वर्षांत रोमन कॅथलिक, पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, ल्यूथरन आणि आमच्यासारखे मराठी प्रॉटेस्टंट यांची शेकडो बाबतींत फारकत झाली. पण हा विश्वासांगीकार, मधल्या एका शब्दाचा वाद सोडला तर, सगळ्यांचा एकच आहे. ख्रिस्ती धर्म काय सांगतो हे एखाद्या पत्रकाराला तासाभरात समजून घ्यायचे असेल, तर मी त्याला हेच पान वाचायला देईन.

आता ‘त्रिमूर्ती’विषयी. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. ‘हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे’ हे वचन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होते, आणि एका देवाखेरीज दुसऱ्या कोणापुढे गुडघे टेकण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्यांचा वारसा ते सांगत होते. अशा लोकांनी, येशूच्या वधस्तंभानंतर अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेल्या, पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांवरून दिसते त्याप्रमाणे, येशूला ‘प्रभू’ म्हणायला आणि त्याच्या नावाचा धावा करायला सुरुवात केली होती, आणि तरीही देव एकच आहे हे म्हणणे त्यांनी सोडले नव्हते. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव असल्याचा, सिद्धांत या पेचातून निघाला. तीन या आकड्याची हौस कोणालाच नव्हती. उलट, एक हा आकडा न सोडता जे अनुभवाला आले ते सांगायचे कसे, ही अडचण होती.

ब्रह्मा, विष्णू, महेश या कल्पनेत उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात तशी वाटणी नाही. निर्मिती पित्याची म्हणावी, तर योहानाच्या शुभवर्तमानात सर्व काही ‘शब्दा’च्या, म्हणजे पुत्राच्या, द्वारे झाले असे पहिल्याच परिच्छेदात आहे, आणि विश्वासांगीकार पवित्र आत्म्यालाही ‘प्रभू व जीवनदाता’ म्हणतो. (घारापुरीच्या भव्य शिल्पालाही आपण सर्रास त्रिमूर्ती म्हणतो, आणि ते तिन्ही मुखांनी शिवाचेच आहे हे अभ्यासक आपल्याला सांगत राहतात, तेव्हा हा शब्द सैलपणे वापरायची सवय आपल्याला ख्रिस्ती धर्मापासून लागलेली नाही.) मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा द्यायला सांगतो. तेथे ‘नावांनी’ नाही, ‘नावाने’ आहे. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे. वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढत असे.

नायसियाचा वाद मात्र तीन देवांचा नव्हता. तो पुत्राविषयी होता. आलेक्सांद्रिया शहरातला एरियस नावाचा वडीलधारा धर्मगुरू असे शिकवीत होता की पुत्र हा थोर खरा, सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, पण देवाने निर्माण केलेला. म्हणजे तो नव्हता असे कधीतरी होते. हे मत तर्काला सोपे जाते आणि लोकांना आवडलेही. माझा अंदाज असा की आपल्या लेखकाला कोणी खासगीत विचारले, तर तेही एरियसचेच मत सांगतील, आणि आमच्या मंडळीतलेही पुष्कळ जण नकळत तेच सांगतील. परिषदेने त्याला उत्तर म्हणून जे शब्द लिहिले ते असे: देवापासून देव, प्रकाशापासून प्रकाश, खऱ्या देवापासून खरा देव, जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. शेवटच्या शब्दासाठी त्यांनी ‘होमोऊसिओस’ हा बायबलात कुठेही न सापडणारा ग्रीक शब्द घेतला, आणि त्यावरून पुढची पन्नास वर्षे धुमाळी चालली. काही दशकांनी एका गटाने तडजोड म्हणून ‘होमिऊसिओस’, म्हणजे ‘सारख्या तत्त्वाचा’, हा शब्द सुचवला. लिहिताना एका अक्षराचा फरक. एका वेलांटीसाठी साम्राज्य भांडले म्हणून नंतरच्या इतिहासकारांनी थट्टा केली आहे. मराठी माणसाने ती थट्टा करू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. आलेक्सांद्रियाचा बिशप अथानासियस या एका शब्दासाठी पाच वेळा हद्दपार झाला आणि आयुष्याची एकूण सतरा वर्षे त्याने परागंदा काढली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की, जो स्वतःच निर्मित आहे तो दुसऱ्या निर्मितांना देवाशी जोडू शकणार नाही. पुत्र देव नसेल, तर आपले तारण, म्हणजे पापातून सुटका, झालेलेच नाही.

त्रैक्य समजावण्यासाठी दृष्टान्त द्यायचा मोह प्रत्येक शिक्षकाला होतो. मलाही झाला. सुरुवातीच्या वर्षांत मी बेलाचे पान घेऊन वर्गात जात असे: एकच पान, तीन दले. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलाने ते हातात घेतले, मधले दल अलगद खुडले आणि विचारले, “सर, आता हे दोन-तृतीयांश देव झालं का?” दृष्टान्त तिथेच संपला, कारण पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नव्हे, तो पूर्ण देव आहे, असेच विश्वासांगीकाराचे म्हणणे आहे. पाणी, बर्फ आणि वाफ हा दृष्टान्त तर अधिकच फसवा. त्यात एकच पदार्थ तीन सोंगे घेतो, आणि एकाच वेळी तिन्ही नसतो. तिसऱ्या शतकात सबेल्लियसच्या नावाने ओळखले गेलेले आणि मंडळीने नाकारलेले मत नेमके हेच. यार्देन नदीच्या पाण्यात येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते आहे. एकट्याने वटवलेल्या तीन भूमिकांत हे दृश्य बसत नाही.

‘तीन व्यक्ती, एक देव’ हे आमचे नेहमीचे वाक्यही निर्दोष नाही. आजच्या मराठीत व्यक्ती म्हटले की स्वतंत्र आधार कार्ड असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पाचव्या शतकात ऑगस्टीन या धर्मपंडिताने लॅटिनमधल्या याच शब्दाविषयी लिहून ठेवले आहे की आपण ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते फार बरोबर म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प बसावे लागू नये म्हणून. मला हा कबुलीजबाब फार प्रामाणिक वाटतो. भारतीय शब्दच हवा असेल, तर तोही आहे. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये त्रैक्याचे संस्कृत स्तोत्र रचले आणि त्यासाठी ‘त्रिमूर्ती’ न घेता ‘सच्चिदानंद’ हा शब्द घेतला. सत्, चित् आणि आनंद हे तीन देव नव्हेत आणि एका देवाचे तीन तुकडेही नव्हेत, हे त्यांनी अचूक हेरले. त्यातही पित्याचे पुत्रावरचे आणि पुत्राचे पित्यावरचे प्रेम पुरते येत नाही, आणि ‘देव प्रीती आहे’ या योहानाच्या वाक्याला तर त्याचीच गरज आहे, कारण प्रीती करायला दुसरा कोणी लागतो. तरी तो शब्द ‘त्रिमूर्ती’पेक्षा कितीतरी जवळ जातो.

दुसरा शब्द ‘अवतार’. याबाबत लेखकाला पूर्ण दोष देता येत नाही. आमच्या भजनांत आणि कीर्तनांत हा शब्द अधूनमधून येतो, आणि मद्रासचे व्ही. चक्करै यांच्यासारख्या ख्रिस्ती विचारवंताने तर विसाव्या शतकात तो जाणीवपूर्वक स्वीकारून त्यावर मांडणी केली. तो वापरूच नये असे माझे म्हणणे नाही. वापरला तर फरकही सांगावा, एवढेच. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत ‘संभवामि युगे युगे’ म्हणतात. धर्माला ग्लानी येईल तेव्हा तेव्हा येणे, सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा नाश हे अवताराचे कार्य. ख्रिस्ती देहधारण, म्हणजे देवाने मनुष्यदेह घेणे, एकदाच घडले, पुन्हा व्हायचे नाही, आणि ते दुष्टांच्या नाशासाठी नसून त्यांच्यासाठीच होते. येशू जेवायला बसे तो जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला, आणि प्रतिष्ठितांची त्याच्याविषयी मुख्य तक्रार तीच होती. अवताराचे कार्य संपले की देह ठेवला जातो; राम शरयूत आणि कृष्ण प्रभासक्षेत्री निजधामाला गेले. येशूने घेतलेला देह मात्र त्याने परत टाकला नाही. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मेलेल्यांतून उठल्यावर, थोमा या शिष्याला त्याने खिळ्यांचे व्रण दाखवले, आणि तोच व्रणांचा मनुष्यदेह पित्यापाशी नेला गेला असे आम्ही मानतो.

‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ योहानाने येथे ‘माणूस झाला’ असा सौम्य शब्द घेतला नाही. मूळ शब्दाचा अर्थ मांस असा आहे, आणि त्या काळच्या सुशिक्षित ग्रीकांना तो ऐकून शिसारी आली असेल. दुसऱ्या शतकात काही ख्रिस्ती म्हणवणारेच म्हणू लागले होते की येशूचा देह हा आभास होता, देवाला तहान कशी लागेल आणि रक्त कसे येईल. मंडळीने हे मत ठामपणे नाकारले. शोमरोनातल्या विहिरीच्या काठी भर दुपारी दमून बसलेला, अनोळखी बाईकडे पाणी मागणारा, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी रडणारा येशू हा नाटकातला येशू नव्हे. मुलांना पाठ करायला सर्वात आवडणारे वचनही तेच, ‘येशू रडला’, कारण ते दोनच शब्दांचे आहे.

विश्वासांगीकारात येशूखेरीज दोनच माणसांची नावे आहेत. एक कुमारी मरीया, हे समजण्यासारखे आहे. दुसरे पंतय पिलात. इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियावर नेमलेला हा रोमन सुभेदार, आणि दर रविवारी जगभर कोट्यवधी लोक त्याचे नाव घेतात. आरतीत मध्येच एखाद्या मामलेदाराचे नाव यावे, तसा हा प्रकार आहे. पण त्याचे कारण पक्के आहे. हे कोणत्या तरी युगात, कोणत्या तरी लोकात घडले नाही. अमक्या प्रांतात, अमका अधिकारी असताना, खटला चालून, शिक्षा होऊन घडले, असे मंडळीला नोंदवून ठेवायचे होते.

माझ्या वर्गात विचारला गेलेला सर्वांत अवघड प्रश्न याच ठिकाणचा. एका मुलीने विचारले, “येशू देव होता आणि तो मेला, तर मधले तीन दिवस जग कोणी चालवलं?” सगळा वर्ग हसला, मी हसलो नाही. तिचा प्रश्न ४५१ मध्ये खाल्सेदोन येथे भरलेल्या परिषदेचा प्रश्न होता. तेथील उत्तर असे की येशू ख्रिस्त ही एकच व्यक्ती आहे, पण तिच्यात पूर्ण देवत्व आणि पूर्ण मनुष्यत्व अशी दोन स्वरूपे आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली नाहीत, बदललेली नाहीत, दुभागलेली नाहीत, विलग झालेली नाहीत. चार नकार दिले आहेत. ही दोन स्वरूपे एकत्र कशी राहतात याचे वर्णन मात्र केलेले नाही. हे मला शहाणपणाचे वाटते. मेला तो पुत्रच, दुसरा कोणी नव्हे, पण मेला तो त्याने घेतलेल्या मनुष्यत्वात. पिता वधस्तंभावर नव्हता आणि पुत्राचे देवत्वही विझले नाही. मुलीचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. इजिप्त, आर्मेनिया आणि सीरिया येथल्या मंडळ्यांचेही या सूत्राने समाधान झाले नाही. त्या तेव्हापासून वेगळ्या राहिल्या, आणि केरळातल्या ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्ती लोकांचे नाते त्या परंपरेशी आहे. लेखात पोप हे ‘जगातील सर्व ख्रिस्ती लोकांचे प्रमुख’ म्हटले आहेत, ते यासाठीही दुरुस्त व्हावे. ते रोमन कॅथलिक मंडळीचे प्रमुख आहेत. कॅथलिक मंडळी सर्वांत मोठी आहे हे खरे, पण केरळचे ऑर्थोडॉक्स आणि नगरचे आम्ही प्रॉटेस्टंट त्यांच्या अधिकाराखाली येत नाही.

आता ‘सत्कर्मे करणाऱ्यास स्वर्ग’ हे वाक्य. संपूर्ण लेखात मला सर्वांत अधिक खुपले ते हेच, आणि गंमत म्हणजे आमच्या मंडळीत कोणालाच ते खुपले नाही. उपासनेनंतर चौघांना मी ते वाचून दाखवले. तिघांनी ‘बरोबर आहे की’ म्हणून मान डोलावली. तेव्हा ही चूक एकट्या लेखकाची नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र स्वच्छ लिहिले आहे की कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे, ते देवाचे दान आहे, आणि कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेले नाही. ख्रिस्ती अर्थाने पाप म्हणजे चोरी, खोटेपणा, व्यभिचार यांची यादी नव्हे. ती यादी पापाची लक्षणे सांगते. पौलाचे शब्द ‘देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत’ असे आहेत, आणि ‘उणे’ हा मराठी शब्द येथे फार नेमका बसला आहे. चांगले वागणाराही उणाच आहे. हे उणेपण आदामापासून दोष म्हणून वारशाने आले, ही पश्चिमेकडची शिकवण ऑगस्टीनमुळे घट्ट झाली. पूर्वेकडच्या मंडळ्या मरण आणि बिघाड वारशाने आला एवढेच मानतात, दोष नव्हे. पण माणूस आपल्या बळावर ही तूट भरून काढू शकत नाही, याबाबत दोघांत दुमत नाही.

कर्म आणि फळ यांचा अटळ संबंध मानणाऱ्या मनाला हे अन्यायाचे वाटते, ते मी समजू शकतो. पण मराठी भाषेला कृपा अपरिचित नाही. ‘पतितपावन’ हा शब्द आपल्याकडे आहे, आणि आपले पुण्य पुढे न करता विठ्ठलाच्या दाराशी रित्या हाताने उभे राहणारे अभंगही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, ते काही श्रोत्यांना खूश करण्यासाठी नव्हे. मला वाटते, ‘सत्कर्मे करणाऱ्यास स्वर्ग’ हे वाक्य वारकऱ्यालाही पुरते पटणार नाही.

मग पाप करायला मोकळीक झाली काय? हा प्रश्न पौलाच्या विरोधकांनी त्यालाच विचारला होता आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने तो स्वतः उद्धृत करून धुडकावला आहे. सत्कर्मे हवीतच, पण ती तारणाची किंमत म्हणून नव्हे, तारणाचे फळ म्हणून. याकोबाचे पत्र तर क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे असे बजावते. या दोन वचनांचा मेळ कसा घालायचा, यावरून १५१७ नंतर मार्टिन ल्यूथर आणि रोम यांच्यात जी फूट पडली, ती बुजवण्याचा मोठा प्रयत्न होण्यास १९९९ साल उजाडले. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे कॅथलिक मंडळी आणि ल्यूथरन विश्व महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि आमच्या कोणत्याही गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आम्हांस स्वीकारतो, हे दोघांनी मिळून मान्य केले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण या मुद्द्यावर तरी आता कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात ‘कर्म विरुद्ध विश्वास’ असा सरळ सामना दाखवणे जुनाट झाले आहे.

येशूच्या मरणाने हे तारण कसे साधले, याचे एकच अधिकृत स्पष्टीकरण नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. खंडणी भरून गुलाम सोडवावा तसे, असे प्राचीन काळी पुष्कळांनी सांगितले. देवाच्या मानहानीची भरपाई, असे अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने मांडले. प्रेमाचे असे दर्शन की ते पाहून कठीण मन वितळावे, असे पुढच्या शतकात आबेलार या दुसऱ्या पंडिताने. आपल्या वाटणीची शिक्षा दुसऱ्याने भोगणे, असे धर्मसुधारकांनी. विश्वासांगीकारात यांतले एकही नाही. तेथे फक्त ‘आम्हां मानवांकरिता व आमच्या तारणाकरिता’ एवढेच आहे. माझा कल शेवटच्या दोन स्पष्टीकरणांमध्ये हेलकावत राहिला आहे. वय वाढले तसा आबेलार अधिक पटू लागला.

आणि शेवट ‘स्वर्ग’ हाही नाही. विश्वासांगीकार मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगाच्या जीवनाची वाट पाहतो. देह ही आत्म्याची कैद आहे आणि मरणाने सुटका होते, ही ग्रीकांची कल्पना. ख्रिस्ती आशा देहासकट आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल, तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणून आमचा मुख्य सण नाताळ नव्हे, पुनरुत्थानदिन आहे. त्या पहाटे आम्ही अंधार असतानाच कबरस्तानात जमतो. आदल्या दिवशी घरोघरच्या लोकांनी कबरी धुऊन, झेंडूच्या माळा घालून ठेवलेल्या असतात. उजाडू लागले की पाळकसाहेब ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणतात आणि थडग्यांमध्ये उभे राहून आम्ही ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देतो. माझ्या आईची कबर कुंपणाला लागून आहे. तिच्याशेजारी उभे राहून ते उत्तर देताना ‘सत्कर्मे करणाऱ्यास स्वर्ग’ हे वाक्य मला फार अपुरे वाटते.

एक लहान दुरुस्ती मरीयेविषयी. ८ डिसेंबरला पणजीच्या प्रसिद्ध चर्चचे फेस्त असते, त्याचा उल्लेख करताना लेखकाने तो ‘येशूच्या गर्भधारणेचा दिवस’ म्हटला आहे. तसे असते, तर नाताळ सतरा दिवसांनी कसा येईल? ८ डिसेंबर हा मरीयेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या उदरातल्या, निष्कलंक गर्भसंभवाचा सण आहे. म्हणून नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, तिचा जन्मोत्सव येतो, आणि त्या सुमारास वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते. ही शिकवण १८५४ मध्ये कॅथलिक मंडळीने सिद्धांत म्हणून घोषित केली. आम्ही प्रॉटेस्टंट ती मानत नाही. येशूच्या गर्भधारणेचा सण २५ मार्चला असतो.

लेखासोबतचे छायाचित्रही पाहावे. त्याखाली ‘गुड फ्रायडेचा आनंद साजरा करताना ख्रिस्ती बांधव’ अशी ओळ आहे. उत्तम शुक्रवारी आम्ही आनंद साजरा करत नाही. त्या दिवशी पुष्कळांचा उपास असतो, दुपारी तीन तासांची उपासना असते आणि आमच्याकडे घंटाही वाजवत नाहीत. छायाचित्रातल्या मुलांच्या हातांत झावळ्या आहेत. ते त्याच्या आधीच्या रविवारचे, झावळ्यांच्या रविवारचे, असणार. शक्य असल्यास तेवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, नगर